ह्यांनी घालवली, आपण हरलो : हरणाऱ्या संघाच्या चाहत्यांवरचं संशोधन नगरमधून वाचताना

‘खेळाचे चाहते’ हा माझ्या पीएचडीचा विषय आहे असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘म्हणजे मॅच बघायचे पैसे मिळतात का?’ मिळत नाहीत. पेपर वाचायची फेलोशिप मिळते, तीही उशिरा. पण वाचताना गंमत येते हे खरं. गेले काही महिने मी एकाच गटातले शोधनिबंध वाचतेय. जे संघ बहुतेक वेळा हरतात, त्यांच्या मागे माणसं वर्षानुवर्षं का राहतात? या प्रश्नावर गेल्या पन्नास वर्षांत बरंच चांगलं काम झालंय. आज ते थोडक्यात सांगते, आणि मग मला ते कुठे खटकतं तेही सांगते. कारण हे सगळं अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या चाहत्यांवर बेतलेलं आहे, आणि मी ते वाचतेय नगर जिल्ह्यात (आता कागदावर अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच). इथल्या चाहत्याचा संघ आहे महाराष्ट्राचा रणजी संघ.

आधी मूळ संशोधन.

१९७६ साली रॉबर्ट चाल्डिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत सोमवारी सकाळच्या वर्गात बसून त्यांनी मुलांचे कपडे मोजले. विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह असलेला शर्ट किती जणांनी घातलाय? शनिवारी फुटबॉलचा संघ जिंकला असेल तर असे शर्ट जास्त दिसले, हरला असेल तर कमी. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी मुलांना फोन केले. आधी चार-दोन प्रश्न विचारून ‘तुमचा स्कोअर चांगला आला’ किंवा ‘वाईट आला’ असं सांगितलं, आणि मग संघाच्या एका सामन्याबद्दल विचारलं. संघ जिंकला असेल तर मुलं ‘आम्ही जिंकलो’ म्हणत. हरला असेल तर ‘ते हरले’ हे प्रमाण वाढे. ज्यांना नुकतंच ‘तुमचा स्कोअर वाईट आला’ असं सांगितलं होतं, त्यांच्यात हा फरक सगळ्यात ठळक दिसला. चाल्डिनीने याला नाव दिलं ‘बास्किंग इन रिफ्लेक्टेड ग्लोरी’, म्हणजे दुसऱ्याच्या यशाच्या उन्हात अंग शेकणं. आमच्या क्षेत्रात याचं लघुरूप ‘बर्ग’.

दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, स्नायडर आणि इतरांनी याची उलटी बाजू मांडली. अपयश आलं की माणूस गटाशी असलेला धागा कापतो. हे झालं ‘कॉर्फ’. मग प्रश्न आला की हरूनही जे जात नाहीत त्यांचं काय? त्यांच्यासाठी २००४ मध्ये कॅम्पबेल, एकेन आणि केंट यांनी तिसरं खोकं केलं : ‘बास्किंग इन स्पाइट ऑफ रिफ्लेक्टेड फेल्युअर’. अपयश येऊनही शेकत बसणं. याचं लघुरूप मराठीत जवळपास ‘बर्फ’ होतं. ऊन नाही तर नाही, बर्फावर बसू, असा काहीसा प्रकार. हे मी बनवलेलं नाही, नशिबानेच जुळून आलंय.

आता आपला संघ बघू.

महाराष्ट्राने रणजी करंडक दोनदा जिंकला, १९३९-४० आणि १९४०-४१. कर्णधार प्रा. दि. ब. देवधर, संस्कृतचे प्राध्यापक, वय पन्नाशीला टेकलेलं. त्यानंतर आजतागायत एकदाही नाही. अंतिम सामना मात्र तीनदा खेळला आणि तिन्ही वेळा हरला. १९७०-७१ मध्ये मुंबईकडून ४८ धावांनी. त्या वेळी वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर हे सगळे भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजला होते. म्हणजे मुंबईचे निम्मे शिलेदार घरी नसतानाही सुधीर नाईकच्या मुंबईने आपल्याला हरवलं. १९९२-९३ मध्ये पंजाबकडून, आणि तो पंजाबचा आजवरचा एकमेव रणजी करंडक. २०१३-१४ मध्ये हैदराबादला कर्नाटककडून सात गडी राखून. त्या मोसमात उपांत्यपूर्व फेरीत आपण वानखेडेवर मुंबईला घरी पाठवलं होतं आणि केदार जाधवने बाराशेच्या वर धावा केल्या होत्या. वाटलं होतं, या वेळी होणार. पण राहिलंच. मधल्या काळात २००९-१० ला मुश्ताक अली ट्वेंटी-ट्वेंटी जिंकली, तेवढाच दिलासा.

शेजारी बघा. २०२३-२४ पर्यंत मुंबईकडे ४२ रणजी करंडक. विदर्भाने २०१७-१८ पासून आठ मोसमांत तीन मिळवले. मार्च २०२४ चा अंतिम सामना वानखेडेवर झाला, मुंबई विरुद्ध विदर्भ. म्हणजे महाराष्ट्र राज्यातले दोन संघ अंतिम फेरीत, आणि ‘महाराष्ट्र’ नावाचा संघ त्यात नाही. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला हे समजावून सांगणं हा एक स्वतंत्र व्यायाम आहे.

या पार्श्वभूमीवर मी वरचं संशोधन वाचायला घेतलं, तेव्हा मला तीन ठिकाणी अडायला झालं.

पहिली अडचण : ‘आम्ही’ आणि ‘ते’

चाल्डिनीचा फोनवरचा प्रयोग एका सर्वनामावर उभा आहे. मुलगा ‘वुई’ म्हणतो की ‘दे’? इंग्रजीत वाक्याला कर्ता लागतोच, त्यामुळे दोनपैकी एक निवडावंच लागतं. मराठीत तसं नाही. ‘हरलो की पुन्हा’ म्हटलं तरी पुरतं, कर्ता क्रियापदातच बसलेला असतो. शिवाय आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आम्ही हरलो’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण हरलो’ म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्यालाही पराभवात ओढून घेतो, विचारतसुद्धा नाही.

श्रीरामपूरचे माझे मामा रणजीचे आकडे तोंडपाठ असणाऱ्यांपैकी. महाराष्ट्र हरला की ते जे वाक्य बोलतात ते मी लहानपणापासून ऐकत आलेय : ‘ह्यांनी घालवली, आपण हरलो.’ हे वाक्य चाल्डिनीच्या तक्त्यात भरायचं तर कुठल्या रकान्यात? ‘ह्यांनी’ हे अंतर ठेवणारं सर्वनाम आहे, म्हणजे ‘कॉर्फ’. ‘आपण’ हे जवळ घेणारं, म्हणजे ‘बर्फ’. एकाच वाक्यात दोन्ही.

तुम्ही म्हणाल, एका मामाच्या वाक्यावरून एवढा मोठा सिद्धांत कसा हलवतेस? हलवत नाहीये. प्रयोग चांगलाच आहे, आणि तो नंतर अनेकांनी पुढे नेलाय. माझं म्हणणं एवढंच की त्यातली मोजपट्टी ‘ते’ या शब्दाचा एकच अर्थ धरते : अंग काढून घेणं. मराठीत ‘ह्यांनी’ हा शब्द घरातल्याच माणसाला लावतात. आई मुलाबद्दल तक्रार करते तेव्हा ‘यानं बघा काय केलं’ म्हणते, त्यात तिनं मुलाशी नातं तोडलेलं नसतं. परक्याला कुणी ‘ह्यांनी घालवली’ म्हणत नाही. आंध्र हरला तर मामा म्हणतील, ‘आंध्र हरला.’ बास. घालवली असं म्हणायला ती आधी आपली असावी लागते.

म्हणजे पराभवानंतर जे अंतर दिसतं, ते दर वेळी पळ काढणंच असेल असं नाही. जाब विचारणंही असू शकतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी तोच कामाला येणार आहे.

दुसरी अडचण : संघ नेमका कुठला?

१९९३ मध्ये डॅनियल वान आणि नायला ब्रॅन्सकोम यांनी चाहत्याची निष्ठा मोजायची एक प्रश्नावली केली. सात प्रश्न, प्रत्येकाला एक ते आठ गुण. आमच्या क्षेत्रात ती आजही सर्रास वापरतात. संघ जिंकणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? तुम्ही स्वतःला किती कट्टर चाहते समजता? मित्र समजतात का? संघाच्या बातम्या किती बघता? चाहता असणं तुमच्यासाठी किती महत्त्वाचं? प्रतिस्पर्धी संघ किती नावडतात? संघाचं नाव-चिन्ह घरी, कामावर, कपड्यांवर किती मिरवता?

नगर जिल्ह्यात बसून हे प्रश्न विचारून बघा. ‘नाव-चिन्ह मिरवता का?’ महाराष्ट्राच्या रणजी संघाचा शर्ट मी आजवर एकाही दुकानात टांगलेला पाहिलेला नाही. चितळे रोडवर चेन्नईचा मिळेल, मुंबई इंडियन्सचा मिळेल. ‘टीव्हीवर किती बघता?’ दाखवले तर बघू ना. रणजीचे मोजकेच सामने दाखवतात. मैदानावर जायचं तर पूर्वी पुण्याचं नेहरू स्टेडियम, २०१२ पासून गहुंजे, अधूनमधून नाशिक. नगरहून पुणं १२० किलोमीटर, सामना चार दिवसांचा आणि तोही बहुतेक कामाच्या दिवसांत. कांद्याचा लिलाव किंवा उसाची तोड सोडून कोण जाणार? या प्रश्नावलीवर इथला माणूस नापासच होणार. पण तोच माणूस १९७०-७१ च्या फायनलचं दुःख असं सांगतो, जणू काल संध्याकाळी घडलंय. मोजपट्टी मिरवण्याला गुण देते. सामन्याला न गेलेल्या, शर्ट न घातलेल्या माणसाच्या आठवणीला तिच्यात गुणच नाहीत.

‘प्रतिस्पर्धी किती नावडतात?’ हा तर सगळ्यात अवघड प्रश्न. महाराष्ट्राचा जुना प्रतिस्पर्धी मुंबई. पण या जिल्ह्याने देशाला दिलेले दोन सगळ्यात मोठे क्रिकेटपटू कोण? जहीर खान, जन्म श्रीरामपूरचा. अजिंक्य रहाणे, जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. रणजी करंडक दोघांनी उंचावला, पण महाराष्ट्रासाठी एकानंही नाही. जहीर २०००-०१ मध्ये बडोद्याकडून जिंकला, २००६-०७ मध्ये मुंबईकडून. रहाणे डोंबिवलीत वाढला, मुंबईकडून खेळला, आणि मार्च २०२४ चा जो अंतिम सामना वर सांगितला त्यात करंडक घेणारा कर्णधार तोच होता.

त्यांनी संघ सोडला असं म्हणता येणार नाही, दोघांचं क्रिकेट घडलंच दुसरीकडे. पण इथल्या चाहत्याच्या बाजूने बघा. महाराष्ट्र-मुंबई सामना असेल आणि रहाणे खेळत असेल, तर संगमनेरचा माणूस कुणाच्या बाजूने? उत्तर असं असतं : रहाणेने शंभर माराव्यात आणि मुंबई हरावी. फिशर आणि वेकफिल्ड यांच्या १९९८ च्या अभ्यासात याच्या जवळ जाणारं एक निरीक्षण आहे. त्यांनी आइस हॉकीच्या एका यशस्वी आणि एका अपयशी संघाच्या चाहत्यांची तुलना केली. यशस्वी संघाशी माणसं कामगिरीमुळे बांधलेली होती. अपयशी संघाशी बांधलेली माणसं मात्र खेळाच्या आवडीमुळे आणि खेळाडूंबद्दलच्या आपुलकीमुळे टिकून होती. निष्कर्ष पटतो. पण त्यात गृहीत असं की ज्या खेळाडूंची आपुलकी आहे ते त्याच संघात खेळतात! आपल्याकडे आपुलकी एका गावाला आणि संघ दुसऱ्या गावाला.

हे काही आजचं नाही. विजय हजारे सांगलीचे. १९३९-४० च्या विजेत्या मोसमात त्यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या. पुढे ते त्याच बडोद्याकडून खेळू लागले आणि १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात गुल महंमदबरोबर ५७७ धावांची भागीदारी केली. रणजीतला हा भागीदारीचा विक्रम जवळजवळ सत्तर वर्षं टिकला. तो मोडला कुणी? २०१६ मध्ये दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे नाबाद ३५१ आणि अंकित बावणे नाबाद २५८, अभेद्य भागीदारी ५९४. महाराष्ट्रानेच. आणि तो सामना? अनिर्णित.

तिसरी अडचण : पराभव म्हणजे काय?

या सगळ्या संशोधनात पराभव हा एका दिवसाचा प्रसंग आहे. शनिवारी हरले, सोमवारी शर्ट मोजला. २०१८ मध्ये डॉल्टन आणि मॅकेरॉन यांनी तर तासातासाचा हिशेब काढला. ब्रिटनमध्ये आयफोनवरचं एक ॲप लोकांना अधूनमधून विचारायचं, ‘आत्ता किती आनंदी आहात?’ ३२ हजार लोकांची तीस लाखांवर उत्तरं त्यांनी फुटबॉलच्या निकालांशी जुळवली. निष्कर्ष : हरल्याचं दुःख जिंकल्याच्या आनंदाच्या जवळपास दुप्पट, आणि ते जास्त वेळ रेंगाळतं. मग लेखकांनाच प्रश्न पडला की हिशेब असा तोट्याचा असेल तर माणसं हा धंदा बंद का करत नाहीत? त्यांनी काही शक्यता मांडल्या. सामन्याआधीची उत्सुकता सुखाची असते, माणूस स्वतःच्या संघाबद्दल अवास्तव आशा धरतो, गटात असण्याची सवय लागते.

अभ्यास मला आवडला, पण त्याचं घड्याळ फार लहान आहे. महाराष्ट्राच्या चाहत्याचं घड्याळ वेगळं चालतं. १९४८-४९ चा मोसम घ्या. डिसेंबरमध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम ४५२, नऊ धावा कमी. प्रतिस्पर्धी कर्णधाराने खेळ पुढे चालू ठेवायला नकार देऊन सामना सोडून दिला. आपण जिंकलो, पण विक्रम गेला. त्याच मोसमात उपांत्य सामना, पुन्हा पुण्यात, समोर मुंबई. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७, आणि शेवटच्या डावात ९५९ चं लक्ष्य घेऊन ६०४. सामन्यात एकूण २३७६ धावा, प्रथम श्रेणी क्रिकेटमधला विक्रम. शेवटच्या डावात ६०४ करून आपण ३५४ धावांनी हरलो.

आता याला पराभव म्हणा, पण हा सोमवारी सकाळी संपणारा पराभव नाही. लोक तो अजून सांगतात. २०२२ च्या विजय हजारे स्पर्धेत ऋतुराज गायकवाडने उपांत्यपूर्व सामन्यात नाबाद २२० केल्या, एका षटकात सात षटकार. उपांत्य सामन्यात १६८. अंतिम सामन्यात १०८. आणि महाराष्ट्र सौराष्ट्राकडून हरला. टीव्हीवाल्यांना सात षटकारांची बातमी मिळाली. जुन्या माणसांना मात्र निंबाळकर, हजारे, गुगळे-बावणे अशी सगळी ओळ आठवली, आणि ‘आपलं असंच असतं’ हे वाक्य निघालं. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईविरुद्ध साखळीचा शेवटचा सामना झाला. महाराष्ट्र ३८४, मुंबई ३८४. पहिल्या डावाची आघाडी कुणालाच नाही, सामना अनिर्णित, दोघेही स्पर्धेबाहेर. मामा म्हणाले, ‘निदान या वेळी त्यांनाही घेऊन बुडालो.’ या वाक्यातला आनंद कुठल्या ॲपवर नोंदवायचा?

तर ‘हरूनही का राहतात’ या प्रश्नात एक गडबड आहे. तो प्रत्येक पराभव सुटा धरतो, प्रत्येकानंतर चाहता नव्याने ठरवतो की राहू की जाऊ. इथं पराभव एकमेकांना जोडून येतात, आणि ते जोडून सांगणं हेच चाहत्याचं काम असतं. संघ चार दिवस खेळतो आणि पांगतो. त्याची ८० वर्षं एकत्र ठेवणारा माणूस पेठेत दुकान चालवत असतो.

याची उलटी बाजू आयपीएलमध्ये दिसली. पुणे वॉरियर्स २०११ ला आला, तीन वर्षं सगळ्यात खाली किंवा त्याच्या आसपास राहिला, २०१३ नंतर बंद. मग रायझिंग पुणे आला. २०१७ च्या अंतिम सामन्यात १३० धावा करायच्या होत्या, समोर मुंबई, रहाणेने ४४ केल्या, आणि पुणे एका धावेने हरला. त्यानंतर तो संघही संपला. दोन्ही संघांना गर्दी होती, शर्ट होते, टीव्ही होता. वानच्या प्रश्नावलीवर त्यांच्या चाहत्यांना भरपूर गुण मिळाले असते. पण आज त्या एका धावेचं दुःख घेऊन जायला संघच शिल्लक नाही. ‘आजन्म चाहता’ म्हणताना आपण नेहमी चाहत्याचं आयुष्य मोजतो. संघालाही तेवढं जगावं लागतं.

मग माझं म्हणणं काय?

हरणाऱ्या संघाच्या चाहत्याबद्दल दोन प्रकारे लिहिलं जातं. एक म्हणजे हा विज्ञानाचा सूर : माणूस स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी जवळ येतो, प्रतिष्ठेसाठी लांब जातो, आणि जो जात नाही तो अपवाद. दुसरा सूर साहित्यातला, हळवा. निक हॉर्न्बीचं १९९२ चं ‘फीवर पिच’ हे त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. पुस्तक फार वाचनीय आहे. पण ज्या आर्सेनलबद्दल ते लिहिलंय तो संघ १९८९ मध्ये शेवटच्या मिनिटाला गोल करून इंग्लंडचा विजेता झाला होता. शिकागो कब्ज १९०८ नंतर थेट २०१६ मध्ये जिंकले, तोवर ‘लाडके पराभूत’ म्हणून त्यांची अख्खी बाजारपेठ उभी राहिली होती. या हळव्या सुरात पराभव गोड होतो. निष्ठा हा सद्गुण ठरतो आणि सहन करणारा चाहता थोर ठरतो.

मला दोन्ही अपुरे वाटतात, आणि दुसरा तर थोडा धोक्याचाही. याचं कारण एका अर्थतज्ज्ञाच्या पुस्तकात सापडलं. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलं की एखादी संस्था घसरायला लागली की तिच्या लोकांपुढे दोन वाटा असतात : सोडून जाणं किंवा आवाज उठवणं. निष्ठा हे तिसरं. पण निष्ठेचं काम नुसतं थांबवून धरणं नाही. निष्ठा माणसाला लगेच सोडून जाऊ देत नाही, आणि त्यामुळे आवाज उठवायला वेळ मिळतो. जो सोडूनच गेला त्याला बोलायचं कारण उरत नाही. जो थांबला पण बोलत नाही, त्याच्या थांबण्याने संस्था सुधारत नाही.

हे चाहत्यांच्या संशोधनाला लावून बघा. ‘बर्ग’ आणि ‘कॉर्फ’ म्हणजे येणं आणि जाणं. ‘बर्फ’ म्हणजे थांबणं. आवाज कुठेच नाही! सात प्रश्नांच्या प्रश्नावलीत ‘संघ हरल्यावर तुम्ही कुणाला जाब विचारता?’ असा प्रश्नच नाही. त्यामुळे मामांसारखा माणूस तिथं दिसत नाही. तो शिव्या घालतो म्हणून लांब गेलेला वाटतो, किंवा थांबलाय म्हणून मुकाट सहन करणारा वाटतो. प्रत्यक्षात तो दोन्ही नाही. ‘ह्यांनी घालवली’ हा त्याचा आवाज आहे आणि ‘आपण हरलो’ ही त्याची निष्ठा. दुसरं असल्याशिवाय पहिलं बोलायचा हक्क त्याला पोचत नाही, आणि पहिलं बोलला नाही तर दुसऱ्याचा संघाला उपयोग नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. पेठेतल्या दुकानात उठवलेला आवाज ऐकतं कोण? क्रिकेटची संघटना क्लबांची आणि जिल्ह्यांच्या संघटनांची असते, सामान्य चाहत्याला तिथं मत नसतं. फ्रँचायझीला निदान तिकीट विकायचं असतं, रणजीच्या रिकाम्या स्टँडला तीही चिंता नाही. आक्षेप बरोबर आहे. हर्शमनच्या मांडणीत आवाज पोचायला दार लागतं, आणि इथं दार जवळजवळ नाहीच. पण याचा अर्थ आवाज नाही असा होत नाही. आवाज आहे आणि त्याला जागा नाही, ही परिस्थिती संशोधकाने नोंदवायला हवी. ‘निष्ठा : ८ पैकी ३’ असा आकडा टाकून ती नोंदवली जात नाही.

आणि हा फक्त क्रिकेटचा प्रश्न असता तर मी एवढं लांबवलं नसतं. या जिल्ह्यातल्या पोराला आजही चांगलं खेळायचं तर पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. जहीर आणि रहाणेच्या यशाचा अभिमान आपण बाळगतो आणि तो बाळगावाही. पण हे यश दुसऱ्या गावच्या मैदानांवर का घडलं, हा प्रश्न विचारणारा माणूस कोण? जिंकणाऱ्या संघाच्या मागे जाणाऱ्याला तो पडत नाही, त्याचं भागलेलं असतं. पराभव गोड मानणाऱ्यालाही पडत नाही. तो पडतो रागावलेल्या आणि तरीही न गेलेल्या माणसाला. म्हणून त्याचा राग मोजायची पद्धत शोधणं मला महत्त्वाचं वाटतं.

माझ्या प्रबंधासाठी वानच्या प्रश्नावलीचं मराठी रूप तयार करायचं काम सुरू आहे. मार्गदर्शकांचा सल्ला आहे की मूळ सात प्रश्नांना हात लावू नको, नाहीतर बाकीच्या अभ्यासांशी तुलना करता येणार नाही. ते बरोबर आहेत, सात प्रश्न तसेच ठेवतेय. पुढे दोन जोडतेय. आठवा : ‘तुमच्या संघाचा तुम्हाला आठवणारा सगळ्यात जुना पराभव कोणता, आणि तो तुम्हाला कुणी सांगितला?’ नववा : ‘संघ हरला की दोष कुणाला देता, आणि तो त्यांच्यापर्यंत पोचावा असं वाटतं का?’

दोन्ही प्रश्नांना एक ते आठ गुण देता येत नाहीत, हे मार्गदर्शकांनी लगेच दाखवून दिलं. उत्तरं लिहून घ्यावी लागतील आणि मग बसून वाचावी लागतील. वेळ लागेल. तोवर तुमचं उत्तर खाली लिहा. सौराष्ट्र, विदर्भ, कर्नाटकवाल्यांनीही लिहायला हरकत नाही, पण जरा हळू आवाजात.